रकाना सात

बैठकीच्या आदल्या रात्रीच मी इतिवृत्त टाइप करून ठेवलं होतं.
राजधानीतून नमुना येतो तो तसाच,
नावं आणि तारीख तेवढी भरायची.
रकाना सात : तरुणांशी सल्लामसलत.
त्यापुढे आधीच छापलेलं : झाली.

मी बेटाच्या परिषदेची कारकून, वय सव्वीस.
म्हणजे रकाना सातमध्ये मीही मोडते,
पण मला कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

आमचा मानेआबा म्हणजे नुसतं छप्पर, भिंती नाहीत.
वारा कुणाची परवानगी न घेता आरपार जातो,
माणसांचं तसं नाही.
प्रत्येक घराण्याची चटई ठरलेली, पणजोबांच्या पणजोबांपासून,
आणि चटईवरून बोलायचं ते घराण्यातल्या सर्वांत म्हाताऱ्याने.
पोरांनी खांबांबाहेर, वळचणीचं पाणी जिथे पाठीवर गळतं तिथे,
ताटं आत पोचवायची, रिकामी बाहेर आणायची.
हे वाईट आहे असं मी म्हणत नाही.
याच रीतीने आम्ही दोन दुष्काळ काढले,
शेवटचं शहाळं कुणाचं, तेही याच रीतीने ठरलं.

त्या दिवशी विषय भिंतीचा.
समुद्राला अडवणारी भिंत, पैसे तीनशे मीटरचे.
नकाशावर लाल रेघ : चर्चपासून निघाली,
कचेरीला वळसा घालून खोबऱ्याच्या गोदामापाशी संपली.
शाळा रेघेच्या पलीकडे.
शाळा हलवता येईल, सल्लागार म्हणाला.
कुठे, ते नाही म्हणाला.
तिथे बेट एवढंच रुंद, की इकडून भिरकावलेला दगड
तिकडच्या पाण्यात पडतो.

रुटिआना ताटं नेत होती, सतरा वर्षांची.
तिच्या घरच्या बाबाईच्या खड्ड्यात
गेल्या भरतीला खारं पाणी शिरलं,
कंद हाताला लागतात ते साबणासारखे.
सल्लागारापुढे ताट ठेवताना ती क्षणभर थांबली.
मग बाहेर गेली.

तेवढ्यात वरून आवाज आला.
बाइरेकी माडावर होता, नीरा काढायला.
आमच्याकडे झाडावर चढलेल्याने गायचं असतं,
खाली कुणी अंघोळ करत असेल
तर तिला कळावं, वर डोळे आहेत.
रीतच ती. म्हणून त्याला कुणी गप्प करू शकत नाही.
रोज तो मुलींची गाणी म्हणतो.
त्या दिवशी चाल तीच, शब्द भलतेच :

मला इथून दिसलं, फेब्रुवारीत पाणी कुठून आलं,
गोदामाकडून नाही, शाळेमागच्या खाचेतून,
खाचेतून विहिरीकडे, विहिरीवरून थडग्यांकडे,
ताबोइया, तुझ्या भावाच्या उशाशी.
तुमची रेघ मी वरून पाहतो,
कोरड्याची राखण करते ती.

कुणी हललं नाही.
छान गातो, सल्लागार म्हणाला, काय म्हणतोय?
कामाचं गाणं आहे, दुभाष्या म्हणाला.
खोटं नव्हतं ते.

टेन ताबोइयांनी, वय ब्याऐंशी, दात दोन,
पोराला खाली बोलावलं.
तो आला, कमरेला सुरी, छातीवर खोडाचे ओरखडे,
आणि खांबापाशी अडकला.
समोर माइक. जीभ टाळ्याला चिकटलेली.
झाडावरचा तो वेगळा, जमिनीवरचा वेगळा.
रुटिआनाने मागून ढोसलं, तरी नाही.
मग तीच बोलली, छपराच्या कडेवरून :
"पण बसायचं कुठे?"

बराच वेळ नुसता वारा.
मग ताबोइया हातावर भार देऊन, कण्हत,
चटईवर एक वीत सरकले.
एका वितीत माणूस मावत नाही.
शेजारचा कुरकुरला.
मग तोही.

भिंतीचं काही ठरलं नाही. लाल रेघ आहे तिथेच आहे.
रात्री मी रकाना सातमधलं 'झाली' खोडलं आणि लिहिलं :
टेन ताबोइया एक वीत सरकले.

कागद परत आला. शेरा : असंबद्ध. नीट भरावे.
मी नीट भरलं. अक्षर सुधारलं,
तेच वाक्य पुन्हा लिहिलं, खाली जोडलं :
शेजारचेही सरकले. दोघं बसली आहेत.
बोलणं अजून चालू आहे.